उंदीर वाचले, पण भावाला कॅप्सूल द्यावी का?

प्रश्न: मॅडम, माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षापासून त्याला फिट येतात. तेव्हापासून कार्बामाझेपिन चालू आहे. तरीही वर्षाला दोन-तीन मोठ्या फिट येतातच, दीड-दोन मिनिटांत थांबतात. हल्ली तो म्हणतो की नावं आठवत नाहीत, वाचलेलं लक्षात राहत नाही. प्रत्येक फिटमध्ये मेंदूच्या पेशी मरतात आणि वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट्स त्या वाचवतात, असं माझ्या वाचनात आलं. कर्क्युमिन, रेझ्व्हेराट्रॉल, ग्रीन टी, ब्राह्मी यांवर पुष्कळ शोधनिबंध सापडले. मी कर्क्युमिन आणि काळ्या मिरीचा अर्क असलेल्या कॅप्सूल मागवल्या आहेत. गोळ्यांना तो कंटाळलाय, म्हणून त्याला न सांगता दुधातून द्याव्यात असं मनात आहे. त्यांचा गुण आला तर फिटच्या गोळ्या कमी करता येतील का? आणि तुम्ही नको म्हणालात, तर जेवणातली हळदही बंद करायची का?
– एक बहीण

उत्तर: तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर उद्यावर टाकण्यासारखं नाही, म्हणून ते आधी देते. त्या कॅप्सूल सुरू करू नका. एव्हाना केल्या असतील तर भावाला आजच सांगा आणि त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना कळवा. मला धास्ती कर्क्युमिनची कमी आणि त्याच्या जोडीला घातलेल्या मिरीच्या अर्काची जास्त वाटते. ती का, ते पुढे येईलच. तुम्ही शोधनिबंध चाळणाऱ्या आहात, तेव्हा ‘डॉक्टरांना विचारा’ एवढं सांगून तुमची बोळवण करणं बरं नाही. फिटच्या वेळी मेंदूत काय होतं, तिथपासून सुरुवात करू.

मेंदूच्या पेशींना चेतवणारं मुख्य रसायन ग्लुटामेट आणि त्यांना आवर घालणारं गाबा. फिटमध्ये या दोहोंचा तोल सुटतो. असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात संदेश सोडू लागतात आणि ग्लुटामेट भसाभस बाहेर पडतं. त्यामुळे पेशींवरचे एनएमडीए ग्राही (ग्लुटामेट चिकटलं की उघडणारी दारं) उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. थोडं कॅल्शियम पेशीला लागतंच, पण एवढा लोंढा तिला झेपत नाही. ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया बिघडतात, एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) जोरात काम करू लागतं आणि त्यातून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. हेच ते फ्री रॅडिकल्स. पेशीचा पडदा, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याला ते इजा करतात. मेंदूला ही इजा जास्त बाधते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव स्वस्थ बसलेल्या माणसातही एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो, आणि त्याच्या पेशींच्या पडद्यांत चटकन ऑक्सिडीकृत होणारी मेदाम्लं भरपूर असतात. आठवणी साठवण्याचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी तर फारच नाजूक.

इथवर तुम्ही वाचलेलं सगळं बरोबर आहे. पुढचा प्रश्न असा की हे सगळं घडून पेशी मरायला फिट किती वेळ चालावी लागते? ब्रायन मेल्ड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बबून माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत मूलभूत मानले जातात. अंग झडण्याचे आणि श्वास अडखळण्याचे परिणाम वेगळे काढता यावेत म्हणून त्यांनी माकडांचे स्नायू औषधाने शिथिल केले, कृत्रिम श्वास दिला, आणि मेंदूतली फिट मात्र चालू ठेवली. तरीही हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मेल्या. म्हणजे फिटची विद्युत-खळबळ स्वतःच पेशी मारू शकते, हे सिद्ध झालं. पण त्या फिट तासांच्या हिशेबात चाललेल्या होत्या. २०१५ मध्ये अपस्माराच्या (फिटच्या आजाराच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएलएईने, दीर्घ फिटची व्याख्या ठरवताना दोन वेळा दिल्या. संपूर्ण अंग झडणारी फिट ५ मिनिटांपुढे गेली की ती आपोआप थांबण्याची शक्यता घटते, तेव्हा उपचार सुरू करायचे; आणि ३० मिनिटांपुढे गेली की मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरायचा.

तुमच्या भावाची फिट दीड-दोन मिनिटांची. अशा एका फिटने पेशी मरतातच, असं मानायला आधार नाही. नंतरची ग्लानी, गोंधळ, डोकेदुखी, एखादा हात काही वेळ लुळा पडणं या गोष्टी पाहताना जीव घाबरा होतो, पण त्या बहुधा तात्पुरत्या असतात. वर्षानुवर्षं मोठ्या फिट येत राहणं मात्र चांगलं नव्हे. त्यात पडून होणाऱ्या जखमा आहेत, बुडण्या-भाजण्याचे धोके आहेत, आणि अपस्मारातला अचानक मृत्यूही आहे. तो प्रौढ रुग्णांमध्ये वर्षाला साधारण हजारात एकाला येतो आणि मोठ्या फिट चालू असणं हाच त्याचा सर्वांत मोठा धोकादायक घटक. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. गोळ्या कमी करण्याचा विषय तुम्ही काढलात, म्हणून लिहिणं भाग आहे.

आता वनस्पतींकडे वळू. गंमत म्हणजे उंदरांना प्रयोगशाळेत फिट आणण्यासाठी जी रसायनं सर्रास वापरतात, त्यातली दोन निसर्गातूनच मिळालेली आहेत. पायलोकार्पिन हे दक्षिण अमेरिकेतल्या पायलोकार्पस झुडपांच्या पानांतून, आणि कायनिक आम्ल हे समुद्रातल्या एका लाल शेवाळातून. दुसरं जपानमध्ये १९५३ साली जंतावरचं औषध शोधताना वेगळं केलं गेलं. तेव्हा तुम्ही वाचलेल्या अनेक निबंधांत एका वनस्पतीच्या रसायनाने उंदराच्या मेंदूवर घाव घातला आणि दुसऱ्या वनस्पतीच्या रसायनाने तो हलका केला, असा प्रकार आहे. ‘वनस्पतिजन्य’ या शिक्क्यावरून काहीच ठरत नाही.

अशा निबंधाची रचना बहुधा ठरलेली असते. उंदराला काही दिवस अर्क पाजायचा, मग पायलोकार्पिन किंवा कायनिक आम्ल टोचायचं, आणि नंतर मेंदू काढून त्यात मॅलोनडायअल्डिहाइड (फ्री रॅडिकल्सच्या इजेची खूण) किती वाढलं, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) किती घटलं, हिप्पोकॅम्पसमध्ये किती पेशी उरल्या ते मोजायचं. अर्क पाजलेल्या गटाचे आकडे बरे येतात. खोटेपणा यात काहीच नाही, पण वाचताना तीन ठिकाणी थांबायला हवं. पहिलं म्हणजे अर्क फिटच्या आधी दिलेला असतो. तुमचा भाऊ आठ वर्षं फिट काढतोय, त्याच्यासाठी ‘आधी’ची वेळ केव्हाच निघून गेली. दुसरं अधिक खोलातलं आहे, आणि ते बऱ्याच निबंधांत नीट हाताळलेलंही नसतं. अर्काने फिटच सौम्य झाली असेल, तर इजा आपोआप कमी होणार. मग पेशी अँटिऑक्सिडंट गुणाने वाचल्या की फिट कमी झाल्यामुळे वाचल्या, हे ठरवायचं कसं? ते कळण्यासाठी दोन्ही गटांत फिट सारखीच झाली होती हे ईईजीने, म्हणजे मेंदूतल्या विद्युत-लहरींच्या आलेखाने, दाखवावं लागतं. तिसरं मात्रेचं. उंदराला त्याच्या वजनाच्या मानाने दिलेली मात्रा माणसाच्या हिशेबात बदलली, तर बाटलीवरचा आकडा सहसा तिच्या आसपासही फिरकत नाही.

सगळेच प्रयोग असे नाहीत, हेही सांगायला हवं. २०१७ मध्ये उंदरांवरच झालेल्या एका कामात दीर्घ फिट सुरू झाल्यानंतर उपचार दिला गेला, तोही फक्त दोन आठवडे. औषधं दोन होती. एक एन-ॲसिटिलसिस्टीन आणि दुसरं सल्फोराफेन, जे ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्यांतून मिळतं. त्या उंदरांत अपस्मार उशिरा सुरू झाला, पुढच्या फिट घटल्या, पेशींचा नाशही कमी झाला. मला या सगळ्या क्षेत्रात सर्वांत आशेचा धागा हाच वाटतो, आणि त्याचं कारण सल्फोराफेनच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते स्वतः फ्री रॅडिकल्स पकडत बसत नाही. पेशीत एनआरएफ२ नावाचं एक प्रथिन असतं, त्याला कीप१ नावाचं दुसरं प्रथिन अडकवून ठेवतं. सल्फोराफेन ती पकड सैल करतं, मग एनआरएफ२ केंद्रकात जाऊन पेशीची स्वतःची संरक्षक विकरं बनवणारी जनुकं चालू करतं. बाहेरून आलेला एक रेणू एखाद-दुसऱ्याच फ्री रॅडिकलला शांत करू शकतो, पण पेशीने घडवलेलं एक विकर तेच काम हजारो वेळा करतं. ऑलिव्हसारख्या वनस्पतींत सापडणाऱ्या ओलिॲनोलिक आम्लाच्या साच्यावरून बनवलेलं ओमाव्हेलॉक्सोलोन हे औषध याच मार्गावर काम करतं. उंदरांमधल्या अपस्मारात त्याने चांगला परिणाम दाखवला, पण २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती फ्रीड्रिक अटॅक्सिया या वेगळ्याच आजारासाठी. विज्ञानाची चाल अशीच असते. त्यात तुमच्या भावासाठी उद्या दुकानातून आणण्यासारखं काही नाही.

कर्क्युमिनची मुख्य अडचण अशी की ते मेंदूपर्यंत पोचतच नाही म्हणावं इतकं कमी पोचतं. आतड्यातून अत्यल्प शोषलं जातं, जेवढं शोषलं जातं तेवढंही आतड्याची भिंत आणि यकृत मिळून झपाट्याने बदलून टाकतात, आणि त्यानंतर मेंदूला रक्तापासून वेगळं ठेवणारा अडसर पार करायचा राहतोच. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनचा एक सविस्तर आढावा घेतला. रेणू अस्थिर आहे, चटकन प्रतिक्रिया देणारा आहे आणि स्वतः चमकणारा असल्यामुळे प्रयोगशाळेतल्या कित्येक चाचण्यांना फसवतो, म्हणून काम करत नसतानाही ‘काम करतो’ असा निकाल निघू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रेझ्व्हेराट्रॉल आणि ग्रीन टीतलं ईजीसीजी यांचीही गत फार वेगळी नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतलेलं प्रमाण रक्तात गाठता येत नाही. ‘अँटिऑक्सिडंट शक्ती’चे आकडे तर विसराच. परीक्षानळीत मोजलेल्या या गुणांची एक मोठी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने ठेवली होती. त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम कळत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात म्हणून २०१२ मध्ये ती मागे घेण्यात आली.

कर्क्युमिन शोषलं जात नाही, यावर उतारा म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपेरिन घालतात. १९९८ मध्ये एका अभ्यासात निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. हा आकडा बाटल्यांवर अभिमानाने छापतात. हे घडतं कसं, ते मात्र छापत नाहीत. पिपेरिन यकृतातल्या आणि आतड्यातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांना, विशेषतः सीवायपी३ए४ला, अडवतं. शिवाय रेणूंना पेशीबाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन नावाच्या पंपालाही ते अडवतं. आणि कार्बामाझेपिन मोडणारं मुख्य विकर कोणतं? सीवायपी३ए४च.

हा नुसता तर्क नाही. अपस्माराच्या रुग्णांना, त्यांची नेहमीची गोळी चालू असताना, पिपेरिन देऊन रक्तातली पातळी मोजलेली आहे. फेनिटॉइन या फिटच्या दुसऱ्या औषधाची वाढली, कार्बामाझेपिनचीही वाढली. कार्बामाझेपिनची पातळी वाढली की एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, गुंगी येते, उलट्या होतात. तुमचा भाऊ असा झोकांड्या खाऊ लागला तर घरच्यांना वाटेल आजार बळावला, डॉक्टरांना वाटेल डोस जास्त झाला. ते डोस उतरवतील. मग एक दिवस बाटली संपेल, विकरं पुन्हा मोकळी होतील, पातळी खाली येईल आणि कमी केलेल्या डोसवर फिट येईल. कोणाला काही कळायला मार्ग नाही, कारण दुधात काय घातलं होतं हे तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या पत्रातला ‘न सांगता’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला, तो यासाठी.

यकृताचंही पाहावं लागतं. हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अलीकडच्या काळात अमेरिकेत नोंदली गेली आहेत. त्यातल्या काही गोळ्यांत पिपेरिन होतं. फिटच्या बऱ्याच औषधांचा भार यकृतावरच असतो. उद्या यकृताच्या तपासणीत गडबड दिसली तर दोष कोणाचा हे शोधणं अवघड होऊन बसेल, आणि उगाच चांगलं चालणारं औषध बंद करावं लागेल.

जेवणातल्या हळदीची काळजी करू नका. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाने काही टक्केच असतं आणि स्वयंपाकात पडते ती चिमूटभर. कॅप्सूलमध्ये एकवटलेला अर्क ही निराळी बाब. मिरीचंही तसंच.

माणसांवर अँटिऑक्सिडंट तपासलीच नाहीत, असं नाही. वनस्पती तेलांतून मिळणारं ई जीवनसत्त्व १९८९ मध्ये अपस्मार असलेल्या २४ मुलांवर तपासलं गेलं. अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना खोटं औषध. खऱ्या औषधाच्या १२ मुलांपैकी १० जणांच्या फिट ६० टक्क्यांहून अधिक घटल्या, खोट्या औषधाच्या गटात तसं एकाचंही झालं नाही. असा निकाल वाचून कोणाचेही डोळे चमकतील. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, दुसऱ्या गटाने फिट आटोक्यात नसलेल्या ४३ रुग्णांवर तशीच चाचणी घेतली आणि फरक आढळला नाही. छोट्या चाचणीतलं मोठं यश पुढे टिकत नाही, हे वैद्यकात इतक्यांदा घडलंय की माझ्यापुरता मी नियम केलाय: पहिल्या निबंधावर आनंद मानायचा, औषध मात्र दुसऱ्या-तिसऱ्यानंतरच हातात घ्यायचं. आणि ‘फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना’ हेही गृहीत धरू नये. १९९४ मध्येच फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. बीटा-कॅरोटीनही वनस्पतीतलंच आणि अँटिऑक्सिडंटच.

तुम्ही मला विचाराल, मग एकही वनस्पतिजन्य रेणू फिटवर चालत नाही का? चालतो. गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिओल. नशा आणणारा घटक वेगळा, हा नशा आणत नाही. २०१७ मध्ये ड्राव्हे सिंड्रोम या अवघड अपस्माराच्या १२० मुलांवर आणि तरुणांवर चाचणी झाली. महिन्याच्या झटक्यांचा मध्यांक कॅनाबिडिओलच्या गटात १२.४ वरून ५.९ वर आला, खोट्या औषधाच्या गटात १४.९ वरून १४.१ वर. २०१८ मध्ये अमेरिकेत ड्राव्हे आणि लेनॉक्स-गास्टो या दोन प्रकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. आता यातला बारकावा पाहा. कॅनाबिडिओल प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट ठरतं, पण फिट कमी होतात त्या पेशींची अतिचेतना घटल्यामुळे, असंच मानलं जातं. ते शुद्ध करून, मोजून, ठरावीक मात्रेत दिलं जातं, आणि त्यालाही दुष्परिणाम आहेत. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही फिटचीच औषधं; पहिल्याबरोबर रक्तात यकृताची विकरं वाढतात, दुसऱ्याबरोबर गुंगी वाढते. म्हणजे खरोखर गुणकारी निघालेला वनस्पती-रेणू शेवटी इतर औषधांसारखाच वागला. या मान्यतेचा आधार घेऊन तुमच्या भावासाठी कुठलंही तेल मागवू नका. त्याचा आजार वेगळा आहे.

बहीण म्हणून घरात लक्ष ठेवायचंच असेल तर उलट्या बाजूने ठेवा, म्हणजे फिट चेतवणाऱ्या किंवा गोळीत ढवळाढवळ करणाऱ्या वनस्पतींवर. कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात गेलं तर निरोगी माणसालाही फिट येऊ शकते. १९३४ मध्ये हंगेरीचे मानसोपचारतज्ज्ञ लॅडिस्लास मेडुना यांनी मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणायला कापूरच टोचला होता. डोक्याला चोळायचे बाम आणि तेलं यात हे दोन्ही असू शकतात, म्हणून लेबल वाचावं. गिंको या झाडाच्या बियांतलं विष ब६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून गाबा घटवतं, आणि ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत गिंको पुष्कळदा असतो. ग्रेपफ्रूटचा रस कार्बामाझेपिनची पातळी वाढवतो. सेंट जॉन्स वर्ट हा उदासीवरचा अर्क बऱ्याच औषधांची पातळी पाडतो. ब्राह्मीचा अर्क घ्यायचा झाला तरी आधी डॉक्टरांना दाखवा, तोही यकृताच्या विकरांशी खेळू शकतो.

गोळ्या कमी करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन फिट येत असताना तो विषय काढायचाच नसतो. कार्बामाझेपिन अचानक थांबवलं तर एकामागून एक फिट येऊन तीच दीर्घ फिट ओढवू शकते, जिच्या भीतीने तुम्ही कॅप्सूल मागवल्या.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच अडले. आठ वर्षं, एकच औषध, आणि अजूनही दरवर्षी दोन-तीन मोठ्या फिट. याला आटोक्यात असणं म्हणत नाहीत. घरच्यांना त्याची सवय झाली असेल, ‘वर्षाला दोनच तर येतात’ असं वाटत असेल, पण उपचाराचं ध्येय शून्य फिट हे असतं. ग्लासगोमध्ये ४७० नव्या रुग्णांचा पाठपुरावा करून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, आणखी १४ टक्क्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने. तुमच्या भावाला दुसरं औषध कधी दिलं गेलं का? रक्तातली पातळी शेवटची केव्हा पाहिली? डोस चुकतो का? कंटाळलेला २२ वर्षांचा मुलगा एखादी गोळी गाळत असेल, आणि घरात ओरडा बसेल म्हणून सांगत नसेल. जागरणं होतात का? नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं अपुरी पडली, तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात आणि मग अपस्माराचं खास केंद्र गाठायचं असतं. तिथे एमआरआय नव्या नजरेने पाहतात, व्हिडिओ ईईजी करतात, शस्त्रक्रियेचा विचार होतो. कॅनडामध्ये टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) अपस्माराच्या ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के लोक शुद्ध हरपवणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के. मेंदू वाचवण्याचा एवढा भक्कम आकडा कोणत्याही अर्काच्या बाजूने नाही. तुमच्या भावाला शस्त्रक्रिया लागेलच असं नव्हे. कदाचित दुसऱ्या गोळीनेच काम भागेल. पण विचारायचा प्रश्न हा आहे.

विसरण्याचं काय? त्याची अनेक कारणं असू शकतात. फिट जिथून उगम पावते तो भाग हिप्पोकॅम्पसजवळ असेल तर स्मरणशक्तीवर परिणाम मूळ आजारानेच होतो. दोन फिटच्या मधल्या काळात ईईजीत चमकणारे झटके, झोपेत येऊन जाणाऱ्या आणि कोणाला न दिसणाऱ्या फिट, औषधाची गुंगी, रक्तातलं सोडियम उतरणं (कार्बामाझेपिनने ते उतरतं), अपुरी झोप, आणि उदासी. शेवटचं फार वेळा नजरेतून निसटतं. अपस्मार असलेल्यांत नैराश्य खूप आढळतं, आणि नैराश्यात माणूस आधी ‘लक्षात राहत नाही’ अशीच तक्रार करतो. यातल्या बहुतेक गोष्टी तपासता येतात, बऱ्याच दुरुस्त होतात.

त्याच्याशी बोलण्याचं मी तुमच्यावरच सोपवते. ‘तुझी पातळी तपासायला जाऊ’ एवढ्यावर सुरू करा. ‘तू गोळ्या चुकवतोस ना’ असं नको. आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळी घेणं सोपं नसतं, आणि तो त्याबद्दल वैतागला असेल तर त्याला वैतागू द्या. दिवसातून एकदाच घ्यायचं औषध किंवा सावकाश विरघळणारी गोळी चालेल का, हे त्याने स्वतः डॉक्टरांना विचारावं. तुम्ही फिटच्या तारखा, वेळ, आधीच्या रात्रीची झोप आणि चुकलेले डोस लिहून न्या. जमलं तर एका फिटचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, न्यूरॉलॉजिस्टला त्यातून पानभर वर्णनापेक्षा जास्त कळतं. फिट आली की घड्याळ पाहा, त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. ५ मिनिटं उलटली तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. नाकात मारायचा, फिट थांबवणारा मिडॅझोलॅम स्प्रे घरी ठेवावा का आणि तो केव्हा वापरायचा, हे या भेटीतच लिहून घ्या.

राहता राहिली त्याला काहीतरी पूरक द्यावं ही तुमची इच्छा. त्यासाठी एक खरा प्रश्न डॉक्टरांना विचारता येईल. कार्बामाझेपिन यकृतातल्या विकरांना जोर देतं, त्यामुळे ड जीवनसत्त्व लवकर मोडलं जातं आणि वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. आठ वर्षांत त्याची ही तपासणी झालेली नसेल तर करून घ्या, आणि कमी आढळलं तर डॉक्टर लिहून देतील ती मात्रा सुरू करा, त्याला सांगून.